५५ मिनिटांची तक्रार

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात श्रीलंकेच्या सहलीविषयी एका वाचकांचं पत्र आलं आहे. डोंगर आणि समुद्र दोन्ही दाखवणारी ‘सांस्कृतिक सहल’ म्हणून पैसे भरले, पण तिथल्या गाईडने जागोजागी लेक्चर देऊन सुट्टीचा विचका केला, कार्यक्रमात नसलेल्या ठिकाणी बस थांबवली आणि त्यापायी खरेदीचा वेळ गेला, असा त्यांचा राग आहे. असे गाईड कंपन्यांनी पुन्हा देऊ नयेत, असंही त्यांनी शेवटी सुचवलंय.

तारखा वाचल्या, नुवारा एलियाच्या हॉटेलात गरम पाणी न आल्याचं वाचलं आणि कळलं की ही तर आमचीच बस. हे गृहस्थ चौथ्या रांगेत उजवीकडे बसायचे, मी त्यांच्या मागे पाचव्या रांगेत. एल्लाहून खाली उतरताना घाटात मला मळमळायला लागलं तेव्हा लिंबाची गोळी यांनीच पुढून दिली होती. माणूस चांगला आहे, भांडायला मला त्यांच्याशी नाही. पण त्यांचं पत्र वाचून कुणा कंपनीने त्या गाईडांचं नाव यादीतून काढलं तर मला ते पटणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी रेल्वेत ३१ वर्षं तिकीट खिडकीवर काढली. गाडी कधी आली, कधी सुटली हे लिहून ठेवायची खोड अंगात मुरलेली आहे. सहलीतही माझ्याकडे छोटी वही होती. बस कुठे किती वाजता थांबली आणि किती वाजता हलली, हे त्यात रोजचं रोज लिहिलेलं आहे. आधी तेवढं सांगून टाकते.

कँडीच्या वाटेवरची मसाल्यांची बाग, १ तास ४० मिनिटं. त्यात झाडं बघणं पंधरा मिनिटं, बाकी वेळ तेलं, मलमं आणि ती आमच्या गुडघ्यांना चोळून दाखवणं. चहाच्या कारखान्यातला विक्रीचा काउंटर, ४५ मिनिटं. बाटिकचं दुकान, ५० मिनिटं. रत्नांचं दुकान, १ तास १० मिनिटं. बेरीज ४ तास २५ मिनिटं. गाईडनी कार्यक्रमाबाहेर घेतलेला वेळ असा: चहाच्या मळ्यातल्या एका वळणावर ३५ मिनिटं, पेरालिया या किनाऱ्यावरच्या गावी २० मिनिटं. बेरीज ५५ मिनिटं. आणि कँडीची दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाचा दात जिथे ठेवलाय ते मंदिर, ज्याच्यासाठी लोक कँडीला जातात, तिथे चपला काढण्यापासून चपला पायात घालण्यापर्यंत आम्ही ५० मिनिटं होतो.

त्या मंदिराच्या ५० मिनिटांतसुद्धा रांग पुढे ढकलली जात होती. संध्याकाळची पूजा सुरू होती, ढोल आणि सनईसारखं एक वाद्य वाजत होतं, पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओंजळीत कमळं घेऊन उभी होती. झरोक्यापाशी पोचल्यावर सोन्याची पेटी चारेक सेकंद दिसते. दात कुणालाच दिसत नाही. बाहेर आल्यावर गाईड एवढंच म्हणाले की हा दात ज्याच्याकडे तोच इथला राजा, असं लोक मानत आले, म्हणून १८१५ साली इंग्रजांनी कँडी घेतली तेव्हा राजाइतकीच या पेटीचीही काळजी त्यांना होती. तो शेवटचा राजा, श्री विक्रम राजसिंह, मूळच्या दक्षिण भारतातल्या नायक्कर घराण्यातला. इंग्रजांनी त्याला वेल्लोरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं, १८३२ साली तो तिथेच गेला. मंदिरासमोरचं तळं त्यानेच बांधून घेतलेलं. हे सगळं सांगायला त्यांना बसपर्यंतची वाट पुरली. पुढे टूर मॅनेजर हात वर करून ‘चला, चला’ करत होते, कारण सात वाजता नाचाचा कार्यक्रम होता.

आता ‘लेक्चर’ या शब्दाकडे येते. श्रीलंकेत गाईडचा परवाना पर्यटन विकास प्राधिकरण देतं. आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. आमच्या गाईडांच्या गळ्यात जे कार्ड होतं त्याच्यावर ‘नॅशनल टूरिस्ट गाईड लेक्चरर’ असं छापलेलं होतं. लेक्चरर! तो त्यांचा हुद्दाच आहे. गाईडने लेक्चर दिलं ही तक्रार म्हणजे कंडक्टरने तिकीट फाडलं अशी तक्रार झाली.

आणि बसमध्ये त्यांना माईक मिळायचा तरी कधी? सकाळी सहा-सात-आठ ठरलेलं. सहाला उठवायचा फोन, सातला नाश्ता, आठला बस. बस सुटली की माईक टूर मॅनेजरांकडे. मग गाण्यांच्या भेंड्या, हाउजी, वाढदिवस. खिडकीबाहेर भातखाचरं, बोधिवृक्षाचे पार, शाळेला निघालेल्या पांढऱ्या गणवेशातल्या मुली जात राहायच्या. आम्ही पेंगायला लागलो की माईक गाईडांच्या हातात यायचा. हाउजी मीही खेळले, दोनदा जिंकले, ते नाकारत नाही.

तर चहाचा मळा. कारखान्यात सगळं रीतसर दाखवलं. पाला लांब ट्रेवर वाळवतात, मग वळतात, आंबवतात, भाजतात, चाळतात. साडेचार किलोच्या आसपास पाल्यातून एक किलो चहा निघतो. बाहेर एक टोपली आणि लुगडं ठेवलेलं होतं. ते गुंडाळून, कपाळाला टोपलीचा पट्टा अडकवून फोटो काढायचा. आमच्यातल्या अकरा जणींनी काढला. खऱ्या पानं खुडणाऱ्या बायका वरच्या उतारावर होत्या, त्यांच्या पाठीला आता टोपल्या नसतात, पोती असतात. एक गृहस्थ त्यांचे फोटो काढायला वर चढायला लागले तेव्हा गाईड म्हणाले, आधी विचारा. त्या बाईने मान हलवून नाही म्हटलं. तेव्हाच बसमध्ये पहिली कुरकुर झाली.

पुढे एका वळणावर, जिथे रस्ता जरा रुंद आहे, तिथे त्यांनी बस थांबवायला सांगितली. खाली दरीच्या बाजूला पत्र्याचं लांबच लांब एक छप्पर होतं, त्याखाली एकाला एक लागून खोल्या, प्रत्येकीला एक दार. दोरीवर कपडे, दारात दोन कोंबड्या. याला तिकडे ‘लाइन’ म्हणतात. कुणीतरी विचारलं, खाली जाऊन बघता येईल का? ते म्हणाले, लोकांची घरं आहेत, आत्ताच कामावरून आलेत, आपण इथूनच बोलू. एवढ्यावरूनच मला हा माणूस कळला.

तिथे उभ्याउभ्या त्यांनी जे सांगितलं ते मी रात्री वहीत उतरवून ठेवलं. या डोंगरात आधी कॉफी होती, चहा नंतर आला. कॉफीच्या मळ्यांसाठी १८२० नंतरच्या काळात तमिळ मुलखातून माणसं आणायला सुरुवात झाली. होडीने मन्नारच्या किनाऱ्यावर उतरायचं आणि तिथून जंगलातून चालत मातळेपर्यंत, मग वर डोंगरात. मलेरिया आणि पटकीने कितीतरी जण वाटेतच गेले. १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत कॉफी संपली. त्याच्या दोनच वर्षं आधी जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलेकोंडेरा इथे १९ एकरांत चहा लावला होता. मळेवाले चहाकडे वळले. कॉफी खुडणारे हात चहा खुडायला लागले.

इथपर्यंत सगळे ऐकत होते. पुढचं सांगायला लागले तशी पाच-सहा माणसं बसमध्ये जाऊन बसली. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्वाच्या कायद्याने या मळ्यांतल्या बहुतेकांना नागरिक मानलंच नाही. जन्म इथला, आईवडील इथले, पण कागद नाही. मग १९६४ साली सिरिमाओ बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांचा करार झाला. ५ लाख २५ हजार माणसं भारताने घ्यायची, ३ लाख सिलोनने ठेवायची, उरलेल्या दीड लाखांचं पुढे बघू. ते पुढचं १९७४ मध्ये इंदिरा गांधींबरोबर ठरलं, पंचाहत्तर-पंचाहत्तर हजार. माणसांच्या वाटण्या. ज्यांचा प्रश्न तरीही लोंबकळत राहिला त्यांच्यासाठी २००३ साली कायदा करावा लागला.

गाईड स्वतः सिंहली, बौद्ध, साठीच्या आसपासचे. त्यांचे वडील हॅटन स्टेशनवर तिकीट बाबू होते. हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं नाही. मी रेल्वेतली म्हटल्यावर नंतर मला एकटीला सांगितलं. सत्तरच्या दशकात मळ्यांतली कुटुंबं पत्र्याच्या पेट्या आणि वळकट्या घेऊन हॅटनच्या फलाटावर यायची. तलैमन्नारपर्यंत गाडी, तिथून बोटीने रामेश्वरम. एका भावाचा अर्ज भारतासाठी मंजूर, दुसऱ्याचा इथला, आई कुणाबरोबर जाणार हे फलाटावर ठरलेलं असायचं किंवा नसायचं. गाईड तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते, वडिलांचा डबा घेऊन स्टेशनवर जायचे. ते म्हणाले, वडील त्या दिवशी घरी आले की जेवताना बोलत नसत.

एकेरी की परतीचं, हे मी ३१ वर्षं रोज शेकडो वेळा विचारलं असेल, मान वर न करता.

आमच्या सहप्रवाशांनी लिहिलंय की त्या वळणावर थंडीत उभं केलं. थंडी होती, खरं आहे. नुवारा एलिया १,८६८ मीटरवर आहे आणि माझी शाल बसमध्ये राहिली होती. पण ‘दुःखी गोष्टी ऐकायला सुट्टी घेतली नव्हती’ हे त्यांचं वाक्य मला पचत नाही. दोन दिवसांनी ते ज्या चहाची सहा पाकिटं घेऊन निघाले, त्या चहाची गोष्ट होती ती. शिवाय ती नुसती दुःखी गोष्ट नव्हतीच. २०२३ मध्ये या लोकांच्या येण्याला २०० वर्षं झाली म्हणून शेकडो जण तलैमन्नारपासून मातळेपर्यंत, त्याच वाटेने, ठरवून चालत गेले, हेही गाईडनी सांगितलं. तोपर्यंत हॉर्न वाजायला लागला होता.

नानू ओयाहून एल्लापर्यंतचा रेल्वेचा प्रवास सगळ्यांनाच आवडला, त्यावर वाद नाही. दारात लटकून फोटो काढणाऱ्या तरुण मुलांना बघून मात्र माझा जीव वर-खाली होत होता. रुळांची रुंदी आपल्यासारखीच, साडेपाच फूट. पट्टिपोळा हे तिकडचं सर्वांत उंचावरचं स्टेशन. स्टेशनच्या पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत. एका स्टेशनवर ड्रायव्हरने कड्यात अडकवलेला टॅब्लेट, म्हणजे एकेरी मार्गावर पुढे जायच्या परवानगीचा बिल्ला, खाली टाकला आणि पुढचा उचलून घेतला, ते बघून मी लहान मुलीसारखी ओरडले, शेजारच्या वहिनी घाबरल्या. आमची तिकिटं ग्रुपची होती, पण गाईडनी स्टेशनमास्तरांशी काहीतरी बोलून जुन्या जाड पुठ्ठ्याचं एक वापरलेलं तिकीट मला आणून दिलं. त्यासाठी गाडीत चढायला तीन मिनिटं उशीर झाला. वहीत तेही आहे. या तीन मिनिटांबद्दल कुणी तक्रार केलेली नाही, म्हणून मीच कबूल करते.

दक्षिणेकडच्या रस्त्यावर मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुल माडाची काकवी खाल्ली, तीही गाईडच्या सांगण्यावरून, चार जणांनीच. बाकीचे बसमध्ये बसून राहिले, कारण हॉटेलात पनीर असणार होतं. आठ दिवसांत नऊ वेळा पनीर. ज्यांना बाहेरचं चालत नाही त्यांची अडचण मला समजते, पण ‘सांस्कृतिक’ म्हणून विकलेल्या सहलीत एकदाही हॉटेलबाहेर आप्पा, म्हणजे तिकडचं वाटीसारखं धिरडं, आणि नारळाचा सांबोल, म्हणजे चटणी, खायला नेऊ नये?

कोग्गलाला काठ्यांवर बसून मासे धरणारे कोळी दाखवले. पैसे द्यायचे, फोटो काढायचे. ही पद्धत फार पुरातन नाही, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची आहे, आणि आता काठ्यांवर बसलेल्यांपैकी बहुतेक जण फोटोसाठीच बसतात, हे गाईडनी आधीच सांगून टाकलं. इथेही कुरकुर. ‘कशाला सांगायचं? मजा गेली.’ मला तर उलट वाटलं. समुद्रात काठीवर तासभर बसून राहणं हे कामच आहे, मासे मिळोत नाहीतर पैसे.

गॉलच्या किल्ल्याबाबत मात्र मी तक्रारदारांच्या बाजूने आहे. दुपारी दीड वाजता तटावर, सावलीचा पत्ता नाही, आणि गाईड पोर्तुगीज, डच, इंग्रज असे क्रमाने एकेकाला घेत होते. मीही डोक्यावर ओढणी धरून ‘संपवा आता’ असं मनात म्हणत होते. पण त्यातलंच एक डोक्यात राहिलं. १९११ साली गॉलमध्ये एक शिळा सापडली. ‘झेंग हे’ नावाच्या चिनी दर्यासारंगाने आणलेली, १४०९ ही तारीख कोरलेली, तीन भाषांत. चिनी मजकुरात बुद्धाला दान, तमिळ मजकुरात विष्णूला, फारसी मजकुरात अल्लाला. ती शिळा कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. शेवटच्या दिवशी आमची बस त्या संग्रहालयावरून गेली. थांबली ती पुढे, रत्नांच्या दुकानापाशी.

आता पेरालिया. गॉलहून किनाऱ्याच्या रस्त्याने वर येताना हिक्काडुवाच्या पुढे हे गाव लागतं. रस्ता, रूळ आणि समुद्र इथे अगदी जवळजवळ आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी कोलंबोहून माताराकडे निघालेली ‘समुद्रदेवी’ ही गाडी इथे पाण्यात सापडली. नाताळनंतरचा दिवस, रविवार, त्यात पौर्णिमेची सुट्टी, गाडी खच्चून भरलेली. पहिल्या लाटेने गाडी थांबली. गाडी जड, ती हलणार नाही, असं वाटून गावातले लोक डब्यांवर चढले, डब्यांच्या आड उभे राहिले. दुसरी लाट मोठी होती. दीड हजारांवर माणसं गेली. रेल्वेच्या इतिहासात एका गाडीला इतका मोठा अपघात दुसरा नाही.

ही गाडी आधीच्या आंबलंगोडा स्टेशनवर थांबवायचा प्रयत्न झाला होता. फोन वाजत होता. स्टेशनवरची सगळी माणसं गाडीच्या कामात होती, उचलायला कुणी नव्हतं. उचलला तोवर गाडी सुटली होती. हे गाईडनी सांगितलं तेव्हा मी खाली बसले. स्टेशनवर गाडी लागलेली असताना आतल्या खोलीत फोन वाजतोय, हे मी अनुभवलेलं आहे. आपण म्हणतो, वाजू दे, गाडी जाऊ दे, मग बघू.

तिथे पाण्यात उभी असलेली बुद्धमूर्ती आहे, स्मारक आहे, फुलं वाहून दोन मिनिटं उभं राहता येतं. आमच्यातल्या निम्म्या माणसांनी वाहिली. वीस मिनिटांनी आम्ही निघालो. त्या वीस मिनिटांमुळे रत्नांच्या दुकानात दोन तासांऐवजी एक तास दहा मिनिटं मिळाली, असं पत्रात म्हटलंय. माझ्या वहीप्रमाणे उरलेली तीस मिनिटं गेली ती बेंटोटाच्या हॉटेलात चेक-आउटला आपलेच काही लोक उशिरा आले म्हणून. कोण ते लिहीत नाही. चौथ्या रांगेतल्यांना माहीत आहे.

कंपन्यांकडे माझं मागणं साधं आहे. माहितीपत्रकात ‘मसाल्यांच्या बागेला भेट’, ‘रत्नांचं संग्रहालय’ असं लिहू नका. दुकान आहे, दुकान लिहा, आणि तिथे किती वेळ जाणार तेही छापा. या थांब्यांमधून कुणाला काय मिळतं हे आम्हा गिऱ्हाइकांना कळतं. त्यातून सहलीचा दर खाली राहत असेल तर तसं सांगा, ज्याला दुकानं नकोत तो जास्त पैसे भरेल. आणि स्थानिक गाईडला रोज सकाळचा पहिला तास माईक द्या, माणसं जागी असताना.

त्या गाईडांबद्दल एक गोष्ट तक्रारदारांना ठाऊक नसेल. २०१९ च्या ईस्टरचे बॉम्बस्फोट, मग कोरोना, मग २०२२ मध्ये देशाकडे डॉलर संपले आणि पेट्रोलसाठी दोन-दोन दिवसांच्या रांगा लागल्या. मधल्या तीन वर्षांत त्यांना हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच ग्रुप मिळाले. त्या काळात ते मेव्हण्याच्या दुकानात हिशेब लिहीत होते. कामावर ठेवू नये, हे पत्रात लिहायला सोपं आहे.

मी पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जाते आहे, आम्ही तिघी मैत्रिणी. कंपनीला लेखी कळवलंय: गाईड तेच हवेत, एकही दुकान नको, कोलंबोचं संग्रहालय हवं आणि एक दिवस रेल्वेने तलैमन्नारपर्यंत जायचं आहे. ‘तिथे बघायला काही नाही, मॅडम’ असं उत्तर आलंय. तरी मी आगाऊ रक्कम भरली आहे.

आपली,
एक निवृत्त बुकिंग क्लार्क
(नाव आणि पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये.)